नऊ वर्षांची लेक घरी येते तेव्हा

देशातल्या दत्तकांचं काम पाहणाऱ्या 'कारा' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर दत्तकासाठी नाव नोंदवताना एक प्रश्न येतो: मूल कोणत्या वयोगटातलं हवं? दोन वर्षांपर्यंतचं, दोन ते चार, चार ते सहा, आणि असे पुढे चढत जाणारे गट. देशात नाव नोंदवून थांबलेल्या पालकांची संख्या तीस हजारांच्या पुढे आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी सगळ्यात लहान गट निवडलेला असतो. तान्ह्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं ते त्यामुळेच. मोठ्या मुलांचं याच्या उलट आहे. तिथे मूल थांबलेलं असतं. सातवं संपतं, आठवं संपतं, आणि दर वाढदिवसाला त्याला घर मिळण्याची शक्यता आणखी कमी होते.

आम्ही आठ ते दहा हा गट निवडला. लेक घरी येऊन आता वर्ष उलटून गेलं. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं, नात्यातली माणसं, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक सारखे विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे. फक्त लेकीच्या आधीच्या आयुष्याबद्दल यात काही सापडणार नाही. ती गोष्ट तिची आहे. तिला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला ती सांगेल.

आम्ही मराठी ख्रिस्ती. सासर नगरचं, माहेर पुण्याचं, घर घोरपडीत. माझी पणजी, म्हणजे आईची आजी, दौंडजवळच्या केडगावला, निराधार मुलींच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन ज्या मुलींना घेऊन आल्या, त्यांतली ती एक. आली तेव्हा सहा-सात वर्षांची होती. आईचा चेहरा, गावातली विहीर, वाटेत मेलेला भाऊ, सगळं तिला म्हातारपणापर्यंत आठवत होतं. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, त्यांत कुणी शिक्षक झालं, कुणी नर्स झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्या मागे गेलं की दुष्काळातून आलेलं असं एखादं पोर भेटतं. त्यामुळे "मोठं मूल आपलं होत नाही, त्याला सगळं आठवत असतं" हे वाक्य मी आपल्याच मंडळीत ऐकते तेव्हा मला गप्प बसवत नाही. माझी पणजी सगळं आठवत असतानाच आमची झाली. आम्ही सगळे तिच्यापासूनच तर आहोत.

दुसरा प्रश्न नेहमी येतो तो कायद्याचा. ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येतं का? येतं, पण ही सोय फार जुनी नाही. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंसाठी आहे. बौद्ध, जैन, शीख त्यात येतात, आपण येत नाही. आपल्याला १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं आणि मूल सज्ञान झालं की तेही संपायचं. माझ्या नवऱ्याच्या काका-काकूंनी अशीच एक मुलगी वाढवली. घरात ती मुलगीच होती, कागदावर मात्र पाल्य. वारसा आपोआप तिच्याकडे जात नव्हता, म्हणून काकांना तिच्यासाठी मृत्युपत्र करून ठेवावं लागलं. पुढे २००० चा बाल न्याय कायदा आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती यांनी दार उघडलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्म कोणताही असो, या कायद्याखाली दत्तक घेता येईल. आता २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे आणि त्याखाली आलेलं मूल कायद्यानं सर्वार्थानं तुमचंच. आमच्या लेकीच्या दत्तकाचा आदेश आला तेव्हा काकूंनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. मध्येच थांबून "मुलगी असंच लिहिलंय ना?" असं विचारून घेतलं.

नावनोंदणी घरबसल्या होते. एजंट लागत नाही आणि कुणी गाठू पाहिलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं. शुल्क नियमात ठरलेलं आहे, त्याची पावती मिळते. त्यापलीकडे रुपया देऊ नये. एखाद्या दवाखान्यातून, ओळखीच्या नर्सकडून परस्पर मूल घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागदपत्रं नेहमीचीच: पॅन, आधार, जन्माचे दाखले, उत्पन्नाचा पुरावा, तब्येतीचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला. आम्ही चर्चच्या नोंदवहीतून काढलेला दाखला लावला, तो चालला. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि मूल व आई-वडील यांच्या वयात निदान पंचवीस वर्षांचं अंतर हवं.

वयाचा नियम मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळ लोक उगाच मागे फिरतात. जोडप्याच्या दोघांच्या वयाची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ च्या आत हवी, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० च्या आत आणि आठच्या पुढच्या मुलासाठी ११०. आमची बेरीज ९३ होती. पन्नाशीला आलेली, मुलं परगावी गेलेली, दोन खोल्या रिकाम्या असलेली जोडपी "आता कुठे आमचं वय" म्हणतात, त्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी. एकट्या बाईलाही घेता येतं; मोठ्या मुलासाठी वयाची मर्यादा ५५ आहे. ज्यांना आधीच दोन मुलं आहेत त्यांना २०२२ च्या नियमांप्रमाणे फक्त विशेष गरजा असलेली किंवा सहजी घर न मिळणारी मुलं घेता येतात. ही अट वाचून हिरमुसू नका. ज्यांना घराची सगळ्यात जास्त गरज आहे ती मुलं नेमकी याच गटात असतात.

घरात पाच वर्षांच्या पुढचं मूल असेल तर त्याची लेखी संमती लागते. आमचा मुलगा तेव्हा नववीत होता. मी त्याला मजकूर सांगितला नाही, कागद आणि पेन दिलं. त्यानं लिहिलं की बहीण आली तर त्याला आवडेल, ती मोठी असली तरी चालेल, पण त्याच्या टेबलावरच्या वस्तू विचारल्याशिवाय हलवायच्या नाहीत. समाजसेविकेनं ते पत्र जसंच्या तसं फाइलला लावलं. म्हणाल्या, "यानं खरोखर विचार केलाय."

या समाजसेविका गृहभेटीला येतात आणि त्यांच्या अहवालावर पुढचं सगळं अवलंबून असतं. लोक या भेटीला फार घाबरतात. घर भाड्याचं आहे, सोफा जुना आहे, कपाटाचं दार लागत नाही, असलं काही कुणी बघत नाही. आमच्याकडे आलेल्या बाई स्वयंपाकघरात सासूबाईंशी कितीतरी वेळ बोलत होत्या. त्यांचे प्रश्न कठीण होते, पण योग्य होते. तिला आधीच्या आईची आठवण आली आणि ती तुमच्याकडे पाठ करून रडली, तर काय कराल? तिचं नाव बदलणार का? अभ्यासात ती कायमच मागे राहिली तर? आणि मग जरा थांबून, तुम्ही ख्रिस्ती आहात, ती संध्याकाळी देवापुढे हात जोडत असेल, तर? सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "जोडू दे की. आम्ही पण जोडतोच." मी जे लांबलचक उत्तर जुळवत होते त्याची गरजच उरली नाही. नाव बदलणार नाही, हे मात्र मी ठामपणे सांगितलं. नऊ वर्षं एका नावानं हाक ऐकलेल्या मुलीकडून तेवढी एक गोष्टही काढून घ्यायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

अहवाल मंजूर झाला आणि तान्ह्या बाळांच्या मानानं फारच लवकर आमच्या खात्यावर एक फोटो आला. सोबत बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचे कागद. होकार देऊन मूल आपल्या नावे राखून ठेवायला ४८ तास असतात. आम्ही कागद घेऊन ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. रक्त कमी, दात किडलेले, उंची वयाच्या मानानं बेताची. घाबरण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं: लहान मुलांना भरवते, लगोरी आवडते, प्रश्न फार विचारते. या शेवटच्या शब्दांवर माझ्या नवऱ्यानं होकार दिला.

ती जिथे राहत होती ती संस्था विदर्भात होती. भेटीआधी तिथल्या ताईंनी आमच्याकडून फोटोंचा अल्बम मागवला. घराचा दरवाजा, स्वयंपाकघर, ती झोपेल तो पलंग, मुलाचं टेबल, सासूबाई, गॅलरीतली कुंडी, गल्लीतलं किराणा दुकान, आणि प्रत्येक फोटोखाली सोप्या मराठीत एक ओळ. तो अल्बम तिनं इतक्यांदा पाहिला होता की आम्ही समोर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "ते कुंडीतलं झाड कायचं हाय?" कढीपत्त्याचं, मी म्हटलं. भेटीनंतर तिला एकटीला बसवून ताईंनी तिचं मत विचारलं. मोठ्या मुलाच्या बाबतीत त्याची स्वतःची संमती लागते आणि ती लागायलाच हवी. तो वेळ आम्ही बाहेरच्या बाकावर काढला.

त्याच बाकावर एक इटालियन जोडपं बसलेलं होतं. अकरा आणि आठ वर्षांच्या दोन सख्ख्या भावांना न्यायला आलेलं. त्यांनी महिनोन् महिने हिंदीची शिकवणी घेतली होती आणि मुलं बोलत होती वऱ्हाडी. मग जेवणाच्या वेळी मी दुभाषी म्हणून मध्ये बसले. मोठ्या भावानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तिकडे क्रिकेट असते का?" मी विचारलं. बापानं खोटं सांगितलं नाही. नाही म्हणाला, तिकडे फुटबॉल खेळतात, पण बॅट मी आणेन आणि तू मला शिकव. पोरानं बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. धाकटा तेवढ्यात त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसला होता.

ती बाई मला म्हणाली की त्यांच्या चर्चमधल्या आणखी काही घरांत भारतातून गेलेली मोठी मुलं आहेत. एका घरानं पुढाकार घेतला, दुसऱ्यानं तो पाहिला, मग तिसऱ्यानं. उपासनेनंतर ही कुटुंबं एकत्र जेवतात, एकमेकांच्या अडचणी ऐकतात. मोठीच मुलं का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ती सगळ्यात जास्त काळ थांबलेली असतात म्हणून. याहून वेगळं कारण तिच्याकडे नव्हतं.

मला त्या दोघांबद्दल मनापासून आदर वाटला. आणि एक गोष्ट मनाला लागूनही राहिली. १९८४ साली वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं जे निर्देश दिले तेव्हापासून आपल्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी देशातलं कुटुंब शोधायचं, ठराविक मुदतीत ते मिळालं नाही तरच परदेशातल्या कुटुंबाला विचारायचं. २००३ मध्ये भारत आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या हेग करारात सामील झाला, त्यातही हेच तत्त्व आहे. म्हणजे हे दोन भाऊ इटलीला निघाले, त्याआधी त्यांची नावं आपल्या देशातल्या पालकांसमोर आली होती आणि एकानंही त्यांना हो म्हटलेलं नव्हतं. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातल्याच घरांत. उरलेली अमेरिका, इटली, स्पेन, माल्टा अशा देशांत. परदेशी जाणाऱ्यांत मोठी मुलं, भावंडं आणि विशेष गरजा असलेली मुलं यांचंच प्रमाण मोठं असतं. त्यांना घर मिळालं याचा आनंदच आहे. पण भाषा, जेवण, हवा, सगळंच एकदम सोडून जायची पाळी अकरा वर्षांच्या पोरावर यावी, आणि ती यासाठी की इथे कुणी दार उघडलं नाही, हे आपण सगळ्यांनी मनावर घ्यायला हवं.

दत्तकपूर्व संगोपनासाठी म्हणून तिला आमच्या ताब्यात दिलं आणि आम्ही रात्रीच्या गाडीनं निघालो. ती पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती. रात्रभर जागी होती, प्रत्येक स्टेशनचं नाव वाचत होती. अक्षरं जुळवायला वेळ लागे आणि गाडी त्याआधीच सुटे, त्याचा तिला राग येत होता. पहाटे दौंड गेलं आणि मग केडगावची पाटी तिनं पूर्ण वाचली. माझी पणजी इथे वाढली, असं मी तिला सांगितलं. "तिले कोण घ्याले आलं होतं?" असं तिनं विचारलं. एक बाई, म्हटलं. पुढे पुण्यापर्यंत तिला रमाबाईंची सगळी गोष्ट ऐकायची होती.

पहिले काही आठवडे गोडीगुलाबीचे असतात, हे समुपदेशकांनी आधीच सांगितलं होतं. मूल पाहुण्यासारखं वागतं. आमची लेक जेवून झालं की सगळ्यांची ताटं घासून ठेवायची, सकाळी उठून अंथरुणाची अशी घडी करायची की कोपरा कोपऱ्याला जुळला पाहिजे. प्रत्येक गोष्टीला परवानगी: "ताई, पाणी घेऊ? ताई, बाथरूमले जाऊ?" मला ती ताईच म्हणायची, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. भाजी तिनं नेहमी शिजलेली, मोठ्या पातेल्यात आलेलीच पाहिली होती. अख्खा फ्लॉवर कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. मंडईतून आणलेला गड्डा तिनं दोन्ही हातांत धरून फिरवून फिरवून पाहिला, खालची पानं सोलली, आतला दांडा तोडून चावून पाहिला आणि मग सासूबाईंच्या शेजारी बसून तुरे मोडत राहिली. पैसे देऊन वस्तू घेणंही तिनं कधी केलेलं नव्हतं. सासूबाई तिला रोज दहा-वीस रुपये देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवू लागल्या, कोथिंबीर आण, काडेपेटी आण. परत आलेली चिल्लर ती मुठीत घट्ट धरून आणायची आणि टेबलावर मांडून मोजून द्यायची.

फ्रीजचं मात्र बरेच दिवस चाललं. फ्रीज आपणहून उघडायचा, यावर तिचा विश्वासच बसेना. शेवटी मुलानं खालचा एक कप्पा रिकामा करून त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि त्यात केळी, चिक्की, दही ठेवायला सुरुवात केली. ते खाल्लं तर कुणाला सांगायची गरज नाही, असा नियम त्यानंच केला. मग हळूहळू परवानग्या कमी झाल्या.

आणि मग वादळ आलं. ते येतंच, आणि येणाऱ्या पालकांना हे कुणीतरी आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. वही फाडणं, दार आपटणं, "तुमी माही आई नाई" असं अंगावर ओरडणं, रात्री उठून चपला घालून दाराशी बसणं. एका रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, "म्या असंच केलं तं मले वापस तं नाई नेऊन सोडणार ना?" तेव्हा आम्हाला कळलं की ती आमची परीक्षा घेते आहे. घेतलेली मुलं परत केली जातात, असं घडतं, आणि त्यात मोठी मुलं जास्त असतात. संस्थेत तिनं अशी परत आलेली मुलगी पाहिली होती. नवरा तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तू काहीही केलंस तरी नाही." हेच उत्तर त्यानं पुढे कितीतरी रात्री दिलं, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. आम्ही समुपदेशकांकडे नियमानं जात होतो आणि अजून जातो. संस्थेच्या ताईंना ती हवं तेव्हा फोन करते. तो धागा तोडू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. त्या ताईंनी तिला वाढवलंय.

शाळेचं थोडक्यात सांगते. एका शाळेनं तिला वाचता येत नाही म्हणून दोन वर्ग खाली बसवायचं म्हटलं. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. आम्ही दुसरी शाळा शोधली, मराठी माध्यमाची. तिथल्या बाई शाळा सुटल्यावर अर्धा तास तिला जवळ बसवून वाचून घेतात. चौथीत बसून ती दुसरीचं पुस्तक वाचत होती, आता तिसरीचं वाचते.

धर्माबद्दल लोक कुजबुजत विचारतात, म्हणून उघड लिहिते. संस्थेत रोज संध्याकाळी शुभंकरोति म्हणायची तिची सवय होती. आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते. पहिल्याच संध्याकाळी ती दिवेलागणीला हात जोडून उभी राहिली आणि कुठे तोंड करायचं ते तिला कळेना. सासूबाईंनी मेणबत्ती लावून टेबलावर ठेवली. ती शुभंकरोति म्हणते, मग रात्री आमच्याबरोबर प्रार्थनेला बसते, गीतं तिला आवडतात, टाळ्या तालात वाजवते. रविवारी आमच्याबरोबर येते. बाप्तिस्म्याचं काय, असं मंडळीतल्या काहींनी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मोठी झाल्यावर ती आपलं आपण ठरवील, तोवर आपण तिला प्रेम द्यावं. मला यापेक्षा वेगळं काही नको होतं. मुलीला घर हवं होतं म्हणून आम्ही तिला आणलं. अनाथाचा समाचार घ्या, असं याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे. त्याला कसलीही अट जोडलेली नाही.

एक विनंती मात्र आपल्या लोकांना कळकळीनं करते. "तुम्ही केवढे उपकार केलेत हिच्यावर" हे वाक्य तिच्यासमोर बोलू नका. तिच्यामागेही बोलू नका. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. उपकाराखाली वाढणारं मूल चिडत नाही, हट्ट करत नाही, मागत नाही, आणि घरातल्या मुलानं तर हे सगळं केलं पाहिजे. मंडळीच्या स्त्रीसभेनं मला साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला बोलावलं तेव्हा मी एकटी गेले आणि फक्त कागदपत्रांबद्दल, नियमांबद्दल, समुपदेशनाबद्दल बोलले. लेकीला पुढे उभं करून टाळ्या घ्यायच्या नाहीत, हे घरात ठरलेलं आहे. तिला पाहायला, खेळणी द्यायला रांग लागली होती, तीही आम्ही पहिले काही महिने नम्रपणे थांबवली. आधी घरातली माणसं तिची झाली, मग काका-काकू, मग बाकीचे.

कायद्याचं शेवटचं पाऊल म्हणजे आदेश. पूर्वी तो कोर्टातून यायचा. २०२१ ची दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि आता तो जिल्हाधिकारी देतात. तिच्या जिल्ह्यातून आदेश आला, मग आई-वडील म्हणून आमची नावं असलेला जन्मदाखला. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येऊन पाहून जातात. हा त्रास वाटून घेऊ नका. आम्हाला वादळाच्या दिवसांत याच बाईंनी सावरलं. लेक अठरा वर्षांची झाली की आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते. तसा तिचा विचार आहे, हे तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, आणि बरोबर कोण जाणार यावर मुलाचं आणि नवऱ्याचं आत्तापासून भांडण आहे.

आमच्या मंडळीतल्या एका जोडप्यानं नुकतंच नाव नोंदवलं. दोघंही पन्नाशीच्या जवळ, मुलगा बंगळुरूला. दोन भावंडं एकत्र मिळाली तर घेऊ, असं त्यांनी अर्जात लिहिलंय. गेल्या रविवारी उपासनेनंतर ते आमच्याकडे जेवायला होते. मी कागदांची यादी सांगत होते, नवरा रात्रीच्या भांडणांबद्दल सांगत होता. लेक मटार सोलता सोलता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आंटी, आधी त्यायले फ्रीज दाखवजा. अन् रात्री लाइट बंद नका करू. अन् विचारा, मोठ्याले लहान्याजवळ झोपाचं हाय का. त्यायले येगळं येगळं नका झोपवू." त्या बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि तिला म्हणाल्या, जरा सावकाश सांग, लिहून घेते.